कीबोर्डची श्वाननिद्रा

संगणक स्लीपला गेलेला असतो, स्क्रीन काळा, पंखा बंद. कीबोर्डवरची कुठलीही कळ दाबली की तो जागा होतो. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटतच नाही. पण कीबोर्डला वीज मिळते ती संगणकाकडूनच, आणि झोपलेला संगणक ती अगदी मोजूनमापून देतो. तेवढ्या तुटपुंज्या विजेवर कीबोर्डमधला मायक्रोकंट्रोलर श्वाननिद्रा घेतो: एक कान कळांकडे, दुसरा केबलकडे. हाक आली की आधी स्वतः उठायचं आणि मग संगणकाला उठवायचं. यूएसबीचं फर्मवेअर लिहिताना माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच आहे. माहिती पाठवण्याचा कोड तयार लायब्ररीत मिळतो, झोपेचा मात्र प्रत्येक बोर्डासाठी नव्याने विचार करावा लागतो.

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमध्ये त्यामागच्या चमूचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. एकाच केबलमधून माहितीही जावी आणि वीजही, हे ठरलं तेव्हा विजेचे नियमही आलेच. नव्याने जोडलेल्या उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचं, संगणकाने मंजुरी दिली तर ५०० पर्यंत जायचं. आणि केबलवर शांतता पसरली की झोपायचं.

या झोपेसाठी संगणक वेगळी आज्ञा देत नाही. १२ मेगाबिटच्या फुल स्पीड जोडणीत तो दर मिलिसेकंदाला नव्या फ्रेमची खूण पाठवत असतो. ती खूण येते आहे तोवर जागं राहायचं. सलग ३ मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर उपकरणाने स्वतःच ओळखायचं आणि शांतता सुरू झाल्यापासून १० मिलिसेकंदांच्या आत विजेचा वापर मर्यादेत आणायचा. साध्या उपकरणासाठी ही मर्यादा सुरुवातीला फक्त ५०० मायक्रोअँपिअर होती, पुढे ती सैल करून अडीच मिलिअँपिअर केली गेली.

यातलाही काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो. फुल स्पीडचं उपकरण आपली हजेरी लावतं ते डी प्लस तारेवरच्या दीड किलोओहमच्या पुलअप रेझिस्टरने. संगणकाच्या बाजूने हीच तार १५ किलोओहमने ग्राउंडला जोडलेली असते. ३.३ व्होल्टला या दोन रेझिस्टरांतून २०० मायक्रोअँपिअर अखंड वाहत राहतात. ते वाचवायला पुलअप काढला, तर उपकरण उपटून काढलं असा संगणकाचा समज होतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर निळ्या रंगाचे, एसटीएम३२एफ१०३ ही चिप असलेले छोटे बोर्ड सर्रास मिळतात. ही चिप ७२ मेगाहर्ट्झवर, आतली सगळी सर्किटं चालू असताना सुमारे ३६ मिलिअँपिअर घेते. स्टॉप मोडमध्ये, म्हणजे झोपेत, हाच आकडा २५ मायक्रोअँपिअरच्या आसपास उतरतो. चिप आपलं काम चोख करते, घात करतात ते तिचे शेजारी. पॉवरचा एलईडी एकटाच एखाद-दोन मिलिअँपिअर खातो. कित्येक बोर्डांवर असणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर नुसता चालू राहण्यासाठीच साधारण ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे परवानगीच्या दुप्पट! त्या बोर्डावर फर्मवेअर कितीही हुशारीने लिहा, नियम मोडलेलाच. रेग्युलेटर निवडतानाच हा विचार करावा लागतो. एमसीपी१७०० सारखा पर्याय दीड-दोन मायक्रोअँपिअरवर भागवतो.

आता अशा चिपच्या कीबोर्डवर कळ दाबल्यावर काय होतं ते पाहू. जागेपणी चिप कळांच्या जाळ्यातली एकेक ओळ तपासत फिरत असते. झोपण्याआधी ती सगळ्या ओळी एकदम सक्रिय करते आणि उभ्या स्तंभांच्या पिनांवर इंटरप्ट लावून ठेवते. कळ दाबताच इंटरप्ट येतो आणि चिप उठते. कुठली कळ दाबली हे तिला अजून कळलेलं नसतं, त्यासाठी पुन्हा एकेक ओळ तपासावी लागते. शिवाय एफ१०३ ही चिप स्टॉपमधून उठते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी घड्याळावर. यूएसबीला लागतात नेमके ४८ मेगाहर्ट्झ. तेव्हा आधी बाहेरचा क्रिस्टल सुरू करायचा, तो स्थिर झाला की घड्याळाचा वेग वाढवणारा पीएलएल लावायचा आणि मगच केबलला हात घालायचा. घड्याळाची ही पायरी राहून गेली की उपकरण जागं तर होतं, पण बोलू शकत नाही.

संगणकाला उठवायलाही परवानगी लागते. आपण उठवू शकतो असं उपकरण स्वतःच्या वर्णनात एका बिटने कळवतं. झोपण्यापूर्वी संगणकाने होकार दिलेला असेल तरच ते केबलवर उठण्याचा संकेत देऊ शकतं, तोही किमान ५ मिलिसेकंद शांतता पाळल्यानंतर आणि फक्त १ ते १५ मिलिसेकंदांसाठी. पुढे संगणक तोच संकेत स्वतः उचलतो आणि निदान २० मिलिसेकंद धरून ठेवतो. क्रिस्टल सावकाश उठणाऱ्या उपकरणांना तेवढ्यात सावरता येतं.

पूर्ण झोपेच्या अलीकडेही बचतीची एक जागा आहे. यूएसबी मायक्रोफोनच्या ऑडिओ इंटरफेसला दोन रूपं असतात. शून्य क्रमांकाच्या रूपात केबलवर त्याच्यासाठी जागाच राखलेली नसते. रेकॉर्डिंग सुरू झालं की संगणक त्याला दुसऱ्या रूपात जायला सांगतो. फर्मवेअरने ही आज्ञा हाती धरून आवाजाचं सर्किट चालू-बंद केलं, तर मायक्रोफोन नुसता जोडलेला असताना वीज वाया जात नाही. एवढी सोपी बचत कुणी सोडू नये.

कीबोर्डलाही दोन रूपं असतात: बायोससाठी साधं आठ बाइटचं बूट रूप आणि एरवीचं पूर्ण रिपोर्ट रूप. इथे एक घोळ हमखास होतो. झोपेतून उठणं आणि रीसेट होणं यांना नवखे लोक एकच कोड लावतात. साध्या झोपेतून उठताना पत्ता, कॉन्फिगरेशन, निवडलेलं रूप सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. रीसेटनंतर मात्र सगळं पुसून रिपोर्ट रूपापासून नवी सुरुवात. काही संगणक जागे होताना रीसेटही देतात, म्हणून दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर जुन्या यूएसबी केबलची लाल तार कापून मधे मल्टिमीटर लावा आणि रेंज मिलिअँपिअरची ठेवा. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो. चिप उठून वीज ओढायला लागली की त्याच्यावरच व्होल्टेज पडतं, चिप रीसेट होते आणि तुम्ही नसलेली चूक कोडमध्ये शोधत बसता.