शुगर वाढते रक्तात, मग पायाची जखम का भरत नाही?

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. सिद्धेश्वर मंदिरात चप्पल काढून तापलेल्या फरशीवर पाय ठेवला की कुणीही पटापट पावलं उचलत सावली गाठतो. पण बरीच वर्षं डायबेटिस असलेल्या काही जणांना हा चटका जाणवतच नाही. घरी आल्यावर तळपायाला फोड दिसतो. तो चिघळतो आणि आठवडे उलटले तरी भरत नाही.

साखर रक्तात वाढली, मग बिघाड पायात कसा? याचं उत्तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आहे.

हे अस्तर काय काम करतं?

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल होतात, ती रुंदावते आणि रक्त मोकळं वाहतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू नयेत, यासाठीही हा वायू लागतो. त्याचं काम उलगडून दाखवणाऱ्या रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं.

साखर वाढली की काय होतं?

स्नायूंच्या पेशींमध्ये साखर शिरण्यासाठी इन्सुलिनची मदत लागते. अस्तराच्या पेशींना ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती थेट आत शिरते, या पेशींना तिला अडवता येत नाही.

जास्तीची साखर वापरली जाताना सुपरऑक्साइडसारखे घातक रेणू तयार होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून बसते. एचबीए१सी टेस्ट मोजते ती हिमोग्लोबिनला अशीच चिकटलेली साखर.

परिणाम असा, की रक्तवाहिनी नीट रुंदावत नाही, कडक होते, आतून चिकट होते आणि काही ठिकाणी पाझरायला लागते.

एक बिघाड, अनेक आजार

डोळ्यांत बारीक रक्तवाहिन्या पाझरल्या की पडद्याला सूज येते. किडनीची गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जातात. हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचतात.

पायाला दुहेरी फटका बसतो. मज्जातंतूंना रक्त कमी मिळतं आणि साखरेचाही त्रास होतो, म्हणून चटका कळत नाही. जखमेपर्यंत पुरेसं रक्त पोहोचत नाही, म्हणून ती भरत नाही. विडी-तंबाखू याच अस्तराला वेगळी इजा करते, त्यामुळे दोन्ही एकत्र असतील तर धोका आणखी वाढतो.

दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक?

इथेच फसगत होते. अस्तर बिघडताना दुखत नाही. 'मला काही त्रास नाही' म्हणून गोळ्या बंद केल्या, तरी आतलं नुकसान सुरूच राहतं.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात टाइप २ डायबेटिसचं नुकतंच निदान झालेल्या ५,१०२ जणांना सामील करून घेतलं होतं. साखर काटेकोर नियंत्रणात ठेवलेल्या गटात डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी दिसल्या. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी सुरुवातीच्या नियंत्रणाचा फायदा पुढची १० वर्षं टिकला. म्हणजे सुरुवातीची वर्षं सगळ्यात मोलाची.

मग काय करायचं?

- डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका.
- एचबीए१सी, ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासा.
- वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना तपासून घ्या.
- रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना बघायला सांगा.
- उन्हात अनवाणी चालू नका. देवदर्शनाला सकाळी लवकर जा.
- फोड किंवा जखम दिसली तर घरगुती लेप न लावता लगेच डॉक्टरांना दाखवा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे. तुमच्या घरातही कुणाला असेल, तर आज रात्री त्यांचे तळपाय एकदा बघा.