ऐच्छिक अवलंबित्व : लिनक्सवरील पॅकेज आणि मराठी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे अपभ्रंश हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहेत. पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’ची प. ल. वैद्य यांनी संपादिलेली आवृत्ती १९३१ मध्ये कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाली. मराठीच्या पूर्वपीठिकेचा अभ्यासक अशा छापील ग्रंथाची छायाचित्रे घेऊन त्यांतील मजकूर संगणकावर शोधण्याजोगा करू इच्छितो. लिनक्सवर त्यासाठी ‘टेसरॅक्ट’ ही अक्षरे ओळखणारी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ती बसवताना मात्र एक प्रश्न उभा राहतो.

लिनक्सवर प्रणाली ‘पॅकेज’च्या रूपात येते. एका पॅकेजला दुसऱ्याची गरज लागते, तिला अवलंबित्व म्हणतात. डेबियन या वितरणात पॅकेज बांधणारा ही गरज मुख्यतः तीन पायऱ्यांनी नोंदवतो. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून चालणारच नाही ते. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अपवाद वगळता सर्वांना लागेल ते. हे आपोआप बसते, पण डेटा वाचवण्यासाठी नाकारताही येते. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असल्यास उपयोग वाढेल ते. हे आपोआप येत नाही.

आता टेसरॅक्टकडे पाहू. डेबियनमध्ये त्याच्या ‘डिपेंड्स’ यादीत इंग्रजीचा भाषासंच आहे. मराठीचा संच वेगळे पॅकेज म्हणून स्वतः मागवावा लागतो. यात पक्षपात शोधण्याचे कारण नाही. शंभराहून अधिक भाषांचे संच प्रत्येकावर लादणे योग्य नव्हे. तरीही ‘ऐच्छिक’ हा शब्द कोणाच्या दृष्टीने, हे विचारलेच पाहिजे. कारंजाच्या वाचकाला इंग्रजीचा संच एखाद्या प्रस्तावनेपुरता लागेल. देवनागरीवाचून त्याचे कामच अडते.

खरा धोका पुढे आहे. मराठी हवी असे स्पष्ट सांगितले आणि संच नसला, तर टेसरॅक्ट कोणती फाइल सापडली नाही हे सांगून थांबते. भाषा न सांगता देवनागरी पान दिले, तर ते इंग्रजी समजून वाचले जाते आणि रोमन अक्षरांचा निरर्थक मजकूर हाती येतो. चूक झाल्याची सूचना कोठेही नसते. शेकडो पाने एकदम देणाऱ्यास हे फार उशिरा कळते. म्हणून ऐच्छिक भाग वेगळा ठेवणाऱ्याने त्याच्या अभावी प्रणाली कशी वागेल, हेही पाहिले पाहिजे.

फेडोरा या वितरणाने दिशाच उलटी केली आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्या ‘हनस्पेल’चा मराठी कोश स्वतःच्या नोंदीत अट घालतो : हनस्पेल आणि मराठीचा भाषासंच दोन्ही असतील तर मला आणा. मूळ पॅकेजला मराठीची वार्ताही नसते; पण मराठी निवडणाऱ्याला कोश न मागता मिळतो. प्रस्तुत लेखकाला हीच रीत अधिक न्याय्य वाटते.

आपली प्रगती तपासा : मराठी भाषासंच ‘रेकमेंड्स’ यादीत घातला, तर मराठी न वाचणाऱ्या वापरकर्त्यावर कोणता भार पडेल? चार-पाच वाक्यांत लिहा.