गावकीच्या खोलीत शनिवार-रविवारची सोय

मैत्रिणींनो, दादर-गिरगावला दोन दिवसांचा स्टॉल मिळाला की पहिला प्रश्न किती माल न्यायचा हा नसतो. रात्री झोपायचं कुठं, हा असतो. लॉजचं दोन रात्रींचं भाडं दिलं तर पापड-कोकमाचा नफा तिथंच संपतो. नातेवाईक म्हणावे तर ते आता विरार-बदलापूरला. रात्री नऊला स्टॉल आवरून उरलेल्या गोण्या घेऊन लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय, ते जिनं केलंय तिलाच ठाऊक.

पण कोकणातल्या आणि चंदगड-आजऱ्याकडच्या कितीतरी गावांची मुंबईत स्वतःची खोली आहे. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातली माणसं वर्गणी काढून अशी खोली घ्यायची. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे. ते कसे मावायचे? सगळे एका वेळी आत नसायचेच. दिवसपाळीचा गडी उठला की रातपाळीचा त्याच जागी अंग टाकायचा, उरलेले गॅलरीत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, एवढाच संसार. गोव्याच्या खलाशांच्या धोबीतलावकडच्या ‘कुडी’ही याच धर्तीच्या. जेवण खाणावळीत, आणि खाणावळ चालवणाऱ्या बायकाच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या किती आधी, बघा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि माणसं पांगली. आता बऱ्याच खोल्यांत दोन-चार जण असतात, नाहीतर मंडळाची भांडी आणि सतरंज्या. तिथं बायकांनी राहायचं नाही हा जुना रिवाज. वीस पुरुषांच्या खोलीत तो समजण्यासारखा होता, रिकाम्या खोलीत नाही. वर्गणी पगारातून गेली खरी, पण त्या वर्षांत गावाकडची शेती आणि म्हातारी माणसं कोण बघत होतं?

तेव्हा मागणी करायला संकोच नको. मात्र ती तोंडी नको. गटाचा ठराव करा, ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईच्या कमिटीला अर्ज द्या. कुठल्या तारखा, किती जणी, जबाबदारी कुणाची, हे त्यात लिहा. खोलीत कुणी राहत असेल तर त्या दोन रात्री ते कुठं जाणार, हेही आधी बोलून घ्या. पडद्याच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला आपण, असली तडजोड आमच्या मते करूच नये.

खोली बहुतेक पागडीची, म्हणजे मंडळ भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर खोली हातची जाऊ शकते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी ही कामं त्यात धरत नाहीत, पण लागेल तिथं महापालिकेची परवानगी हवीच. आपल्याला तर खिळ्या-दोऱ्यांचंच काम आहे. बाहेरच्या बाईकडून भाडं घेऊन तिला ठेवायचं मात्र नाही. तो पोटभाडेकरूचा मामला होतो आणि सगळ्या गावाला भोवतो. आणखी एक चौकशी: इमारत धोकादायक यादीत आहे का? म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करतं. नाव असेल तर विषय तिथंच बंद.

आता खोली. समजा बारा फूट लांब, दहा फूट रुंद. मुंबईला जायच्या आधी अंगणात रांगोळीनं तेवढा चौकोन आखा आणि खरंच गोधड्या टाकून बघा. मागच्या भिंतीशी मोरी आणि ओटा, त्यात तीन फूट गेले. उरले नऊ बाय दहा. एका बाईला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद जागा लागते. तीन गोधड्या शेजारी-शेजारी घातल्या की साडेसात फूट होतात. उरलेली अडीच फुटांची वाट दारापासून मोरीपर्यंत सरळ मोकळी. पायाकडे, गॅलरीच्या भिंतीलगत तीन फूट राहतात, तिथं चौथी आडवी झोपेल. चार जणी, बस्स. पाचवी घातली की वाट बंद होते, आणि आग लागली किंवा कुणाला रात्री उलटी झाली तर पळायला तीच वाट असते. पूर्वी पंचवीस मावायचे असं कुणी म्हणालं तर त्यांना पाळीची गोष्ट सांगा.

पोटमाळ्यावर माणूस झोपवू नका. शिडी उभी असते, खाली मान घालून बसावं लागतं, आणि जुन्या तुळयांना वाळवी असू शकते. माळा हलक्या मालासाठी: पापड, कुरडया, रिकामे खोके. तेलाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या खाली, पण जमिनीला टेकवून नाही. पाट किंवा दोन विटांवर फळी ठेवा, चाळीची फरशी पावसात घाम सोडते. सुकट पत्र्याच्या डब्यात आणि मसाल्यापासून लांब. लालबागला मसाल्याचं गिऱ्हाईक नाक लावून माल घेतं, तिथं सुकटीचा वास लागलेली मिरची परत घरी येईल.

मोरीच्या आडोशाला जाड पडदा हवा. दोन भिंतींत खिळे, मध्ये नायलॉनची दोरी, जुन्या नऊवारीचं दुहेरी कापड. आंघोळही तिथं, साडी बदलणंही तिथं. पडदा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, नाहीतर ओला होऊन कुबट वास येतो. पैशाची पेटी उशाला न घेता ट्रंकेत ठेवून कुलूप लावा आणि किल्ली एकीच्याच गळ्यात.

गॅसचं नीट ऐका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. म्हणजे वरची झरोक्याची खिडकी उघडी असून भागत नाही, आणि झोपलेलं माणूस नेमकं खालीच असतं. म्हणून रात्री रेग्युलेटर बंद, सिलेंडर उभा, दाराजवळ. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, तिच्या विषारी वायूला वासही नसतो. खरं तर दोन दिवसांसाठी चहापुरताच गॅस पेटवावा, भाकरी-चटणी घरून न्यावी. वायरिंग जुनं असतं, एका प्लगवर हीटर आणि इस्त्री लावू नका.

पाणी ठरावीक वेळेलाच येतं, ती वेळ शेजारणीला विचारून ठेवा. पिंपाला झाकण हवं, डेंग्यूचे डास साठवलेल्या पाण्यातच होतात. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. रात्री दोघींनी मिळून जायचं, बॅटरी घेऊन. शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी ओळख करा, एक पापडाचं पाकीट द्या. चाळीत हे लागतंच.

एसटीनं येणार असाल तर परळ डेपो लालबागला जवळ, आणि मार्च २०२३ पासून आपल्याला तिकीट अर्धं आहे. तुतारी एक्स्प्रेसनं आलात तर दादरला उतराल.

निघताना सोमवारी सकाळी खोली झाडून, मोरी घासून, वीज-पाण्याचा वाटा मंडळाच्या वहीत लिहून पावती घ्या. पावतीवर गटाचं नाव घालायला सांगा, पुढच्या अर्जाला ती जोडता येते.