सदर बाजारातली डोंगरगाडी

रायपूरच्या सदर बाजारात मी गेले होते ती गलाईवाल्यांवर लिहायला. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या देशभरातल्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळतात, आणि छत्तीसगडच्या राजधानीतली ही पेठही त्याला अपवाद नाही. संपादकांना त्यांच्या स्थलांतराची हकीकत हवी होती. पण एका गाळ्यात, भट्टीच्या वरच्या फळीवर, ओळीने मांडलेल्या मुशींशेजारी हातभर लांबीची एक जीप उभी दिसली. टायरच्या खाचांत वाळलेली माती, टपावर खरवडल्याच्या रेघा, पुढचा बंपर वाकलेला. गाळा चालवणाऱ्या तिशीतल्या तरुणाला विचारलं, मुलाची का? "न्हाय ताई, माझीच. डोंगराव न्हेतो." स्थलांतराचा लेख मी नंतर लिहून दिला. हा लेख त्या जीपचा.

रिमोटची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती जत्रेतून आणलेली, बटण दाबताच सुसाट सुटून भिंतीवर आदळणारी. ही जात निराळी. छांदिष्ट मंडळी हिला क्रॉलर म्हणतात. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दोन ते तीन किलो वजनाची, चारही चाकांना जोर असलेली आणि सपाटीवरसुद्धा माणसाच्या चालीपेक्षा फारशी पुढे न जाणारी. तिच्यामागचं गणित मला फार आवडलं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी केल्या की वजन हजारपट कमी होतं. म्हणजे दोन टनांच्या जीपची दोन किलोंची जीप होते, आणि या गाड्यांचं वजन खरोखर त्याच घरात असतं. वीतभर दगड तिच्यासाठी दोन मीटरची दरड. गुरुत्वाकर्षण मात्र दहापट कमी करता येत नाही. खरी जीप कलंडायला जेवढा वेळ घेईल त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ही कलंडते, आणि चालवणाऱ्याला सावरायला तेवढाच वेळ मिळतो. हळू चालवण्याचं पहिलं कारण हे.

इतिहास थोडक्यात सांगते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यावरची छोटी बोट बिनतारी लहरींनी चालवून दाखवली, तिथून या विद्येची सुरुवात. जपानमधल्या तामिया कंपनीची पहिली रिमोटची मोटार १९७६ ची, पोर्शे ९३४. त्याच कंपनीने १९८१ मध्ये टोयोटा हायलक्सची प्रतिकृती काढली. तिला खऱ्या गाडीसारखे पाटे होते आणि रिमोटवरून बदलता येणारे तीन गिअर होते. डोंगरात जाणाऱ्या आजच्या गाड्यांची ती आजी. पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅक्सियल कंपनीने केवळ दगड चढण्यासाठीच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि २०१७ मध्ये ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ने चाकाच्या तुंब्यात जादा गिअर बसवून सगळा आस चाकाच्या मध्याहून वर उचलला, म्हणजे दगड पोटाला लागायला नको. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांना बिनपरवाना वापरता येतो, त्यामुळे रिमोटसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आता या जीपला जोडलेल्या पितळेकडे येते, कारण माझा मुक्काम तिथेच लांबला. चढाला लागली की गाडीचा भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि एखाद्या उंच पायरीला गाडी पाठीवर पडते. म्हणून पुढच्या आसाला, चाकाच्या अगदी आतल्या अंगाला वजन जोडतात. जितकं खाली तितकं चांगलं. दोन चाकांमधलं निम्मं अंतर १० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ८ सेंटिमीटरवर असेल, तर गाडी साधारण ५१ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. तोच मध्य ६ सेंटिमीटरवर आणला तर ५९ अंशांपर्यंत टिकते. दोन सेंटिमीटरांत आठ अंश!

वजनासाठी सगळ्यात स्वस्त आणि सोपं म्हणजे शिसं. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला शिशाच्या पट्ट्या लावतात, त्याच आणून चिकटवायच्या. पण हा तरुण गाळ्यात शिसं आणू देत नाही. सोन्यात शिशाचा अंश जरी उतरला तरी सोनं ठिसूळ होतं आणि घडवताना त्याला चिरा जातात. ज्याचं पोट दुसऱ्याच्या सोन्यावर चालतं तो हा धोका पत्करणार नाही. त्याने पितळ निवडलं, तेसुद्धा सोन्याच्या मुशीत नव्हे. वेगळी मूस, सुट्टीचा दिवस आणि गच्चीवरची उघडी जागा. पितळ ९०० अंशांच्या वर वितळतं आणि त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळू लागतं. पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वारा पाठीशी घेऊन त्याने वाळूच्या साच्यात दोन ओतीव तुकडे घेतले, कानशीने घासले, भोकं पाडली आणि मग गाळ्यातल्या सोन्याच्या काट्यावर ठेवले. माझ्यासमोर त्याने ते पुन्हा तोलून दाखवले. डावा किंचित जड होता. त्याने कानस घेतली, दोन हात मारले, परत ठेवला. डोंगरात जाणाऱ्या गाडीला एवढा नेमकेपणा लागत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. हाताची सवय मोडत नाही, एवढंच.

डोंगर मात्र रायपुरात नाही. शहर सपाटीवर वसलेलं आहे, खाली चुनखडीचा थर. म्हणून तो हावडा-मुंबई मार्गावरची गाडी पकडून राजनांदगावच्या पुढच्या डोंगरगडला जातो, शंभरेक किलोमीटर. तिथला दगड ग्रॅनाइट, दोनशे कोटी वर्षांहून जुना. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट त्याच्यापुढे अगदी अलीकडचा, साडेसहा कोटी वर्षांचा. फरक चाकाखाली कळतो. ग्रॅनाइटच्या पृष्ठभागावर गारेचे आणि फेल्डस्पारचे कण उभे असतात. मऊ रबर त्यांना धरून ठेवतं. बमलेश्वरीच्या डोंगरावर हजाराहून अधिक पायऱ्यांची वाट आहे आणि रोपवेही आहे. तिकडे तो गाडी काढत नाही. गावाबाहेर गुरांच्या पायवाटेने उघड्या खडकांकडे निघतो. एकदा मीही त्याच्याबरोबर गेले.

चालणं आपलं आपणच करायचं. पाठीवर सॅक, गळ्यात रिमोट, पुढे चार पावलांवर गाडी. वाटेवरची मुळं, घसारा, चिरलेली कातळपट्टी हे सगळं आपण एरवी ओलांडून जातो. गाडी बरोबर असली की थांबावं लागतं, वाकावं लागतं. "आदी दगड बगायचा," तो म्हणाला, "कुठलं चाक कुठं ठिवायचं ते ठरवायचं, मगच बोट दाबायचं." एका तिरप्या शिळेपाशी तो बराच वेळ नुसता उकिडवा बसून होता. मग गाडी दोन वीत मागे घेतली, पुढचं डावं चाक फटीच्या कडेला टेकवलं आणि इतकं सावकाश चढवलं की टायरची एकेक गुठळी दगडावर दबताना दिसत होती. मोटारही त्यासाठीच निवडलेली असते. तिच्या गुंडाळीत तारेचे वेढे जास्त, म्हणून फेरे कमी आणि जोर अधिक. बोट सोडलं की गाडी चढावर आहे तिथेच रुतून उभी राहते, घरंगळत नाही.

पण ज्यात मी खरी अडकले तो भाग म्हणजे आस आणि सर्व्हो यांचं भांडण. रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतं. त्याची खोड अशी की एक चाक हवेत लोंबकळलं की सगळा जोर त्याच चाकात जातो आणि टेकलेलं चाक स्वस्थ बसतं. डोंगरात एक चाक हवेत असणं नेहमीचंच. म्हणून क्रॉलरमध्ये डावं-उजवं चाक एकाच आसाला पक्कं जखडतात. एक फिरलं की दुसरं फिरणारच, हवेत असो वा दगडावर. गाडी तीन चाकांवर, कधी दोन चाकांवर चढते ती यामुळे.

याची किंमत सुकाणूला मोजावी लागते. जखडलेली चाकं वळायला नाखूश असतात, आणि त्यांना वळवायचं काम काडेपेटीहून थोड्या मोठ्या एका डबीचं, म्हणजे सर्व्होचं, असतं. रिमोटच्या लहरी पकडणारा गाडीतला रिसीव्हर तिला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा एक विजेचा ठोका पाठवतो. ठोका दीड हजारांश सेकंदाचा असेल तर चाकं सरळ, एक हजारांशाचा असेल तर एका टोकाला, दोन हजारांशांचा असेल तर दुसऱ्या. डबीतला एक बारीक पोटेन्शिओमीटर आपला दांडा आत्ता कुठे आहे ते सांगत राहतो, आणि सांगितलेली जागा व असलेली जागा जुळेपर्यंत मोटार जोर लावते. चाक दोन दगडांत अडकलेलं असेल तर जागा जुळतच नाही. तरीही सर्व्हो सोडत नाही. बारीक घूं घूं आवाज करत ढकलत राहतो, बॅटरीतून वीज ओढत राहतो; इतकी की रिसीव्हरला वीज कमी पडून गाडी क्षणभर बहिरी होते. त्यासाठी सर्व्होला वीज पुरवणारं वेगळं सर्किट बसवावं लागतं. चांगल्या सर्व्होची ताकद २५ किलो-सेंटिमीटर म्हणतात, म्हणजे दांड्यापासून एक सेंटिमीटरवर २५ किलोंचा रेटा. एवढ्याशा डबीत! हट्ट असा की शेवटी दगड हलतो किंवा आतल्या गिअरचा दात तुटतो.

त्या दिवशी दातच तुटला. गाडी उजवीकडे वळेना. माणूस हळहळेल असं वाटलं, पण त्याने चाकं हाताने सरळ केली, गाडी सॅकला बांधली आणि आम्ही चालत खाली आलो. अडचणींची यादी तिथून सुरू झाली आणि स्टेशनपर्यंत संपली नाही.

सुटे भाग मुंबई, कोलकाता, बंगळूरहून कुरिअरने येतात आणि ते बहुतेक परदेशी बनावटीचे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशात खेळणी बनावीत हा हेतू योग्यच, आणि स्वस्त, विषारी रंगांच्या खेळण्यांना आळा हवाच होता. पण दहा ग्रॅमच्या पोलादी गिअरसाठी महिनाभर वाट पाहणाऱ्याला तो हेतू पोचत नाही. मला विचाराल तर हे गिअर इथेच कापणारे हात सदर बाजारासारख्या पेठांत आहेत. त्यांच्याकडे कुणी ते काम घेऊन जात नाही, याची मला खंत वाटते.

बॅटरीची काळजी त्याहून मोठी. लिथियम पॉलिमरच्या तीन सेलच्या, ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर गाडी दोन-तीन तास रांगते. रायपूरचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ अंशांच्या घरात. अशा उन्हात बंद सॅकमध्ये राहिली तर ती फुगते, आणि फुगलेली पेटू शकते. भट्टीच्या गाळ्यात तो बॅटरी ठेवतच नाही. घरी, पत्र्याच्या पेटीत ठेवतो, आणि डोळ्यांसमोर असल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही. पावसाळ्यात निराळं संकट: पाणी सर्व्होत आणि बेअरिंगमध्ये शिरतं, शेवाळलेल्या दगडावर कितीही मऊ रबर निकामी ठरतं. मोठ्या शिळेआड गाडी गेली की लहरीही अडतात. तेव्हा मोटार आपोआप बंद व्हावी अशी तजवीज रिसीव्हरमध्ये असते, आणि ती निघण्यापूर्वी तपासून घ्यावी लागते. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचं मला इथे आठवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये २६ किलोंच्या त्या सहाचाकीला ४ मीटर व्यासाचं विवर ३ मीटरवर दिसलं, तेव्हा तिला मागे फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून गेली. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ते लोक सेकंदाला एक सेंटिमीटरच्या वर चालवत नाहीत, तेच बरोबर आहे.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न वाटेचा. ही वाट कुणाची? अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय पाऊलच टाकता येत नाही, मग गाडीची गोष्ट सोडा. रायपूरजवळचं बारनवापारा त्याच्यासाठी बंदच आहे. महाराष्ट्रात गडवाटांची भुरळ मोठी. राजगड, लोहगड, साल्हेर, रायगड यांच्यासह आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या झिजलेल्या पायऱ्यांवर गाडी चढवून चित्रफीत काढायचा मोह कुणालाही होईल. माझं मत स्पष्ट आहे: तिथे ही गाडी नको. तीन किलोंच्या गाडीने दगड झिजत नाही हे मान्य. पण बुरुजाच्या सांध्यातली माती एकाच जागी फिरणाऱ्या चाकाने उकरली जाते, आणि एकाची चित्रफीत पाहून पन्नास जण येतात. शिवाय अरुंद वाटेवर समोरून चढून येणाऱ्या आजीबाईंना बाजूला व्हायला लावणारं काहीही डोंगरात असू नये. तो स्वतः माणूस दिसला की गाडी उचलून कडेला उभा राहतो. सगळे उभे राहतील याची हमी कोण देणार?

आमचं एकमत झालं नाही ते बाणूरगडावर. त्याच्या खानापूर तालुक्यातला हा गड, बहिर्जी नाईकांची समाधी तिथे असल्याचं मानलं जातं. लहानपणापासून पायाखालची वाट, शेरडंही तिच्यावरून जातात, मग गडाखालच्या टप्प्यापर्यंत गाडी नेली तर काय बिघडतं, असं तो विचारत होता. मी म्हटलं, शेरडांचा पोटाचा प्रश्न आहे. "माझा बी जिवाचाच हाय की," तो म्हणाला. दिवाळीला गावी जाईल तेव्हा ग्रामपंचायतीत विचारणार आहे. हो म्हणाले तर पायथ्याच्या माळापासून पहिल्या कातळापर्यंत, नाही म्हणाले तर घरामागच्या ओढ्यात. सर्व्होचा गिअर तोवर आला पाहिजे.