सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट का दुखतं?

‘पाळीत थोडंफार दुखायचंच,’ हे वाक्य आपल्या घरांत आईकडून लेकीकडे आपसूक येतं. पण दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल, पाळीत शौचाच्या वेळी किंवा शरीरसंबंधांच्या वेळी खोलवर कळ येत असेल, तर ते ‘थोडंफार’ नव्हे. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो.

यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होते. काही जणींमध्ये ती आतडं, मूत्राशय किंवा गर्भाशयामागच्या भागात खोल रुतते. हाच डीप एंडोमेट्रिओसिस. पोटावरून केलेल्या नेहमीच्या सोनोग्राफीत तो सहज निसटतो. म्हणूनच रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.

ऑपरेशन ठरत असेल, तर आधी योनीमार्गातून खास सोनोग्राफी करून घेणं फायद्याचं. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये तिची पद्धत सुचवली. त्यात चार गोष्टी पाहतात :

● गर्भाशय कसं आहे, अंडाशयात चॉकलेट सिस्ट आहे का?

● नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं, अंडाशय मोकळे हलतात की चिकटलेत?

● गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सहज सरकतात का?

● आतडं, मूत्राशय किंवा आजूबाजूला गाठी आहेत का, किती मोठ्या, किती खोल?

सोबत किडनीही तपासून घ्या. मूत्रवाहिनी दाबली गेल्यास किडनीला सूज येते आणि कधीकधी त्याचा पत्ताही लागत नाही.

हे सगळं आधी कळलं, तर आतड्याचे सर्जन सोबत ठेवता येतात, धोके आधी समजावता येतात. नाहीतर आतड्यावरची गाठ ऑपरेशन सुरू झाल्यावर दिसते, ती तशीच ठेवून थांबावं लागतं आणि दुसरं ऑपरेशन वाट्याला येऊ शकतं.

तपासणीत दुखलं, तर संकोच न करता सांगा. डॉक्टरांना त्यावरूनच जागा सापडते. शरीरसंबंध न आलेल्या मुलींसाठी सहसा एमआरआयसारखे पर्याय निवडतात.

या तपासणीत डॉक्टरांचा अनुभव मोलाचा असतो. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एवढं जरूर विचारा, ‘‘डॉक्टर, एंडोमेट्रिओसिससाठीची खास सोनोग्राफी कोण करतं?’’