एकसष्ट ठिपके

पॅरिसमधल्या माझ्या खोलीतली धुराची घंटा वाजली ती उदबत्तीमुळे. जुन्या फ्रेंच वर्तमानपत्राला मी भोकं पाडत बसले होते. मिरजेला आज्जी रद्दीचा ठिपक्यांचा कागद असाच करायची. गेरूनं सारवलेल्या अंगणात तो पसरायचा, वरून रांगोळी भुरभुरवायची, चारही कोपरे धरून अलगद उचलायचा. ‘नऊ ते पाच’ म्हणजे मधल्या ओळीत नऊ, मग दोन्ही अंगांना आठ, सात, सहा, पाच. एकूण ६१. स्टुलावर चढून घंटा बंद करेपर्यंत शेजारणीनं दोनदा दार वाजवलं.

खोली सहाव्या मजल्यावर, १० चौरस मीटरांची. पूर्वी अशा पोटमाळ्यावरच्या खोल्यांत बड्या घरच्या मोलकरणी राहायच्या, आता आम्ही विद्यार्थी राहतो. ईझल उभं केलं की जेवण पलंगावर.

जे.जे.तून शिकून मी २०२२ साली इथं आले. वर्षभर सेंट मार्टिन कालव्याची चित्रं काढली. लोखंडी पूल, हिरवट पाणी, दोन दरवाज्यांच्या मधे पाणी चढायची वाट बघत थांबलेल्या बोटी. वर्गात एका मास्तरांनी ती सगळी शांतपणे पाहिली आणि विचारलं, “यात तुझा भारत कुठे आहे?” हीच चित्रं फोनवर पाहून काका म्हणाले, “छान आहेत गं, पण आपल्याकडची वाटत नाहीत.” परदेशी गेलेल्यांची दोन बाजूंनी ओढाताण होते असं ऐकून आले होते. मला तर दोघंही एकाच दिशेला ओढत होते, आणि मी होते कालव्यावर.

२०२३ साली पोंपिदू केंद्रात सय्यद हैदर रझांचं मोठं प्रदर्शन लागलं. मी तीनदा गेले. रझा मूळचे मंडला जिल्ह्यातले. आधी नागपूरला, मग जे.जे.त शिकले आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले. आपल्याकडे रझा म्हटलं की काळा बिंदू. त्याची गोष्टही आम्हा विद्यार्थ्यांना पाठ: पोराचं चित्त थाऱ्यावर राहीना म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं. पण प्रदर्शनात बिंदू शोधत फिरले तर सुरुवातीला तो जवळजवळ नाहीच. फ्रान्समधली खेडी, चर्चं, छपरं, मग रंगांचे जाड थर. १९५६ साली इथल्या समीक्षकांचा पुरस्कार फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदा मिळाला तो रझांना, आणि तोही बिंदूच्या कितीतरी आधी. बिंदू ठळक झाला सत्तरचं दशक सरता सरता. पॅरिसला येऊन तोवर पाव शतक उलटून गेलं होतं! मला मास्तरांनी एका वर्षात हिशेब मागितला.

अमृता शेर-गिल १९२९ ते १९३४ इथंच होती. हंगेरियन आई, पंजाबी वडील. ती परतली आणि १९३६ साली अजिंठा पाहिल्यावर तिच्या चित्रांनी वळण घेतलं. रझा मात्र साठ वर्षं इथं राहिले. २०१० साली दिल्लीला परतले, आणि २०१६ साली मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं.

रझांच्या एका चित्रात देवनागरी ओळ होती. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंनी ती वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचली. अर्थ सांगायला लागले, तर म्हणाल्या, “नको. पुन्हा वाच.”

रांगोळीचा कागद मी मास्तरांसाठी केला नाही. गेल्या महिन्यात पुलावर उभी असताना पाऊस भुरभुरायला लागला. कालव्यात थेंब पडत होते, इथं एक, तिथं एक, आणि माझं बोट कठड्यावर ते जोडायला लागलं. मागे वळून बघितलं तर छत्रीतला एक माणूस माझ्या बोटाकडे टक लावून पाहत होता.

रांगोळी नव्हती म्हणून चित्रसाहित्याच्या दुकानातून संगमरवराची पूड आणली. ती सुटी पडत नाही, गोळे होतात, चाळून घ्यावी लागली. जमिनीवर काळा कागद अंथरला, त्यावर वर्तमानपत्र, वरून पूड. मग आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ ओठ हलवत मोजत होती.

“साठच आहेत गं. डावीकडं खाली बघ, एक राहिलाय.”

घंटा वाजली तेव्हा मी तिथंच पोचले होते.