मूल होत नाही? आधी नवऱ्याचीही तपासणी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांमध्ये आरोग्य बैठका घेताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि मूल नसलं, की सुनेच्या हातात रिपोर्टची जाड फाईल असते. सोनोग्राफी झालेली, नळ्या तपासलेल्या, रक्त दोनदा दिलेलं. नवऱ्याचा एकही कागद त्या फाईलमध्ये नसतो. त्याच्याकडे असतो एक डबा. अश्वगंधा, कौचबीज, सफेद मुसळी, शिलाजीत. लोकलमधली जाहिरात वाचून किंवा रस्त्याकडेच्या तंबूतून गुपचूप आणलेला. नवस, देवऋषी, गंडेदोरे सोडलेली आपली घरं या डब्याला मात्र एक प्रश्न विचारत नाहीत.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. याचा मर्दानगीशी संबंध नाही. संबंध व्यवस्थित येत असले तरी वीर्यात शुक्रजंतू कमी असू शकतात किंवा अजिबात नसूही शकतात. डोळ्यांना ते कळत नाही. त्यासाठी वीर्यतपासणीच लागते.

जडीबुटीत काहीच नाही, असं आम्ही म्हणत नाही. अश्वगंधेचा एक अभ्यास आपल्या ठाण्यातच झाला. डॉ. विजय अंबिये आणि सहकाऱ्यांनी तो 2013 मध्ये प्रसिद्ध केला. शुक्रजंतू कमी असलेले 46 पुरुष त्यात होते. 21 जणांना 90 दिवस अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिला, 25 जणांना औषध नसलेली कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचे शुक्रजंतू एका मिलिलिटरमागे सरासरी 96 लाखांवरून 2 कोटी 56 लाखांवर गेले. आकडा चांगला आहे, पण माणसं किती? एकवीस! शिवाय मोजले ते शुक्रजंतू, जन्मलेली मुलं नव्हेत. हा फरक साधा नाही. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात पुरुषांना सहा महिने फॉलिक अॅसिड आणि झिंक दिलं. 2020 मध्ये निष्कर्ष आला : गोळी घेणाऱ्यांच्या घरी जास्त मुलं झाली नाहीत, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. हेच झिंक आज अनेक 'शक्तिवर्धक' डब्यांत असतं.

आणि काही कारणांवर पुडी चालतच नाही. शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद असेल, अंडकोषाच्या नसा फुगल्या असतील, लहानपणी अंडकोष खाली उतरला नसेल, तर चूर्ण काय करणार? जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचे तर शुक्रजंतू बनणंच बंद पडू शकतं. तिथे इंजेक्शन थांबवून डॉक्टर गाठावा लागतो. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून विकणारा तीन महिन्यांचा कोर्स देतो, मग आणखी तीन. तेवढ्यात बायकोचं वय पुढे सरकतं. पस्तिशीनंतर हे महिने परत मिळत नाहीत, आणि टोमणे तीच ऐकत असते.

लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, तरी भिंती रंगलेल्याच. अशा काही 'आयुर्वेदिक' गोळ्यांत सिल्डेनाफिल हे अॅलोपॅथीचं औषध लपवून घातलेलं सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. थायरॉईडचा त्रास असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

तपासणी अवघड नाही. आधी 2 ते 7 दिवस संबंध ठेवायचा नाही, नमुना लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर तासाभरात पोहोचवायचा. एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख ही जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेली खालची मर्यादा. आकडा त्याखाली आला म्हणून मूल होणारच नाही, असं नाही. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. तोवर गुटखा, सिगारेट, दारू बंद.

कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ असेल तिथे दोघांच्या नावाने केस पेपर काढा. तपासणी तिथे होत नसेल तर कुठे होते, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जाताना तो डबाही पिशवीत टाका आणि डॉक्टरांना दाखवा.